शेरविनवरचा शेरा

सलालाह,
ऑगस्टमधला दुसरा शनिवार

आदरणीय फिलोमिना वहिनी,

डेझीचा तुम्हांला आणि सेबॅस्टियनदादाला नमस्कार. येथे अलेक्स आणि मी ठीक आहोत. (अशा ठिकाणी ‘मजेत आहोत’ लिहायची पद्धत आहे हे मला ठाऊक आहे. परंतु अलेक्सचा खांदा धरला आहे आणि मला सर्दी झाली आहे, तेव्हा ‘मजेत’ ही थाप ठरेल.) तुमचे गुडघे कसे आहेत? मागच्या वेळी तुम्ही फोनवर नुसते ‘गुडघे गेले’ म्हणालात. उजवा जास्त दुखतो की डावा, चढताना की उतरताना, हे सांगितल्याशिवाय मी येथून काय सल्ला देणार? दादाची साखर तो खरोखर तपासतो, की मशीनकडे पाहून कपाळावर क्रूस करतो आणि ते परत कपाटात ठेवतो? वाडीतल्या केळींना यंदा वाऱ्याने त्रास दिला असे ऐकले. येथे पावसाळ्यात, म्हणजे ज्याला हे लोक खरीफ म्हणतात त्यात, केळी आणि माड असे हिरवेगार होतात की दादा येथे आला होता तेव्हा म्हणाला होता, ‘या लोकांनी आपली वसई चोरून आणली.’ त्यानंतर त्याने टपरीवरची केळी खाल्ली, आणि चोरी परत घ्यायची गरज नाही असे ठरवले. असो.

कुशल विचारून झाले. आता तुमच्या व्हॉइस मेसेजकडे वळते. ‘डाबरे परिवार’ या ग्रुपवर तुम्ही टाकलेला तो मेसेज मी पूर्ण ऐकला. त्यात तुम्ही म्हटले आहे की शेरविनच्या ठरत आलेल्या लग्नावर त्याच्या सख्ख्या आत्यानेच एका इंग्रजी शब्दाने नांगर फिरवला. पुढे, ‘शिकलेल्या नणंदेपेक्षा अडाणी शेजारीण परवडली’ असेही म्हटले आहे. (तुमची शेजारीण अडाणी नाही, ती दहावी पास आहे, आणि तीही त्या ग्रुपवर आहे. कशी आली देव जाणे, पण आहे.) शेवटी नेहमीप्रमाणे तुम्ही तुमच्या मागणीच्या वेळचे माझे वाक्यही बाहेर काढलेत, म्हणजे तुम्हांला पाहून आल्यावर आईने मला ‘कशी आहे गं मुलगी?’ असे विचारले आणि मी ‘बरी आहे’ म्हटले, ते. त्या गोष्टीला इतकी वर्षे झाली की तेव्हाची बरीच मंडळी आता आगाशीच्या कबरस्तानात आहेत, पण तुमच्याकडे ती अजून ताजी आहे. तिचे उत्तर वेगळे देईन. एका वेळी एकच खटला. ग्रुपवर उत्तर द्यावे असे माझ्या मनात आले होते, पण त्या फोनवर कंस नीट देता येत नाहीत आणि कंसाशिवाय मला खरे बोलता येत नाही. म्हणून हे पत्र. अलेक्सच्या ऑफिसातला एकजण मंगळवारी मुंबईला जातो आहे, तो घरपोच देईल. त्याला चहा द्या.

झाले ते असे. मेरिलचे स्थळ तुम्हीच तुमच्या बहिणीकडून काढलेत. मुलगी मस्कतला एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट, घराणे आपल्याच वसईतल्या गिरीजचे, वडील क्लिफर्ड परेरा मस्कतच्या एका मोठ्या हॉटेलात. फोटो गेले, फोटो आले, दोन्हीकडून नकार आला नाही. आता क्लिफर्ड हा हॉटेलात काय करतो ते तुम्हांला ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. तो पाहुण्यांच्या तक्रारी सांभाळणाऱ्या खात्याचा प्रमुख आहे. सगळे बिघडले ते येथे. त्याने मला एके दिवशी फोन केला आणि स्वच्छ सांगितले, ‘डेझीबाई, मुलगा दुक्मला, आम्ही मस्कतला, त्याचे आईबाप वसईला. त्याला जवळून बघणारं माणूस या देशात तुम्ही एकट्या. मला चार ओळी लिहून द्या, इंग्लिशमध्ये. मी वेटर ठेवतो तरी रेफरन्स घेतो, ही तर माझी मुलगी आहे.’ मी विचारले, इंग्रजीच कशाला? तर म्हणे मराठी प्रार्थनेसाठी, हिंदी ड्रायव्हरसाठी आणि इंग्रजी ॲग्रीमेंटसाठी. मला त्याचा रोखठोकपणा आवडला. (आवडला म्हणजे खटकला नाही.)

आता वहिनी, तुमचा मुलगा तुम्ही नऊ महिने पोटात वागवलात, पण त्याचे इंग्रजीत वर्णन करायची वेळ तुमच्यावर आली नाही. ती बसून करून पाहा. पहिली अडचण अशी की शेरविन बोलत नाही. लहानपणी बोलत नव्हता तेव्हा तुम्ही त्याला लाजरा म्हणायचात. आता चार वर्षे दुक्मच्या रिफायनरीत राहून तो पुरता थांबला आहे. तेथे सगळे पुरुष, सगळे कॉन्ट्रॅक्टवर. दिवसभर पाइपांना कान लावायचा आणि रात्री कॅम्पातल्या खोलीत झोपायचे. त्यांची भाषा तीन शब्दांची आहे. काम सुरू करताना यल्ला, संपल्यावर खलास, आणि न होणारे असेल तर इन्शाल्ला. सुट्टीत तो आमच्याकडे येतो तेव्हा दारात उभा राहून ‘आत्या’ म्हणतो आणि जाताना ‘येतो’ म्हणतो. मधल्या तीन दिवसांचे मी पाहून घ्यायचे. तर यासाठी इंग्रजीत शब्द कोणता? मी कागदावर ‘सायलेंट’ लिहिले. वाचून पाहिले तर खोलीत कोणी वारल्यासारखे वाटले. ‘शाय’ लिहिले, तर तो साडेपाच फुटांचा, मिशा असलेला माणूस डोळ्यांसमोर पदराचे टोक चावू लागला. ‘क्वायट’ बरा होता, पण ‘क्वायट’ तर आमची स्टाफरूमही दुपारी जेवणानंतर असते, त्यात तिचे कर्तृत्व काही नाही. अलेक्सला विचारले, तो टीव्हीवरून डोळे न काढता म्हणाला, ‘चांगला आहे लिही ना, खलास.’ (अलेक्सने आयुष्यात तीन गोष्टींना चांगले म्हटले आहे: क्रिकेट, तिसऱ्यांचे कालवण आणि आता तुमचा मुलगा. त्यामुळे ही साक्ष हलकी नव्हती, पण इंग्रजीत तिचा उपयोग नव्हता.)

मग मी वरच्या मजल्यावरच्या माधवीकडे गेले. ही आणि तिचा नवरा अनुप, दोघेही नागपूरचे, दोघेही इंजिनीअर, पोर्टवर नोकरीला. गोड मुलगी आहे, पण ऑफिसचे वारे लागले आहे. ती म्हणाली, ‘टीचर, कंपोज्ड लिहा. आमच्याकडे जो मीटिंगमध्ये झोपतो त्यालाही कंपोज्ड लिहितात.’ अनुप आतून ओरडला, ‘कूल लिहा, कूल!’ मी त्याला म्हटले की कूल कलिंगड असते. मग धार्मिकपणाचा प्रश्न आला, कारण क्लिफर्डने तेही विचारले होते. दुक्मला चर्च नाही. शेरविन शुक्रवारी, म्हणजे येथल्या सुट्टीच्या दिवशी, कॅम्पात खाटेवर बसून मोबाइलवर मिस्सा ऐकतो आणि उभे राहायच्या वेळी खरोखर उभा राहतो, एवढे मला त्याच्या खोलीतल्या केरळी मुलाने सांगितले आहे. याला ‘पायस’ म्हणावे का? पायस मला फक्त प्लॅस्टरचे पुतळे वाटतात. ‘डिव्हाउट’ म्हणजे फादर उठले तरी जे गुडघ्यांवरून उठत नाहीत आणि घरी जाऊन सुनेला छळतात ते. (दोन उदाहरणे तुमच्याच आळीत आहेत.) ‘रेग्युलर’ लिहिले असते, पण ते पोटाच्या डॉक्टरला सांगायचे असते. शेवटी मी विशेषणच गाळले आणि मोबाइल, खाट, उभे राहणे हे जसेच्या तसे लिहून टाकले. पैशांच्या बाबतीत ‘थ्रिफ्टी’ आणि ‘स्टिंजी’ यांच्यात मी संपूर्ण संध्याकाळ घालवली. शेरविन मिस्साला सेफ्टी शूज घालून येतो, कारण ते कंपनी फुकट देते. दुसरीकडे दर खेपेला दुक्महून येताना तो सुरमईचा एवढा मोठा मासा आणतो की तो आमच्या फ्रिजमध्ये तिरका ठेवावा लागतो. स्वतःवर खर्च करत नाही आणि दुसऱ्यावर मोजत नाही, अशा माणसासाठी इंग्रजांनी शब्द केलेला नाही. बहुधा त्यांच्याकडे असा माणूस आढळला नसावा.

आणि मग पाण्याच्या मोटरची गोष्ट. ही मी तुम्हांला सांगितलेली नाही. ईदच्या सुट्टीत आमच्या बिल्डिंगची गच्चीवरची मोटर बंद पडली. पंप दुरुस्त करणारा जाफर रोज ‘इन्शाल्ला, उद्या’ म्हणत होता आणि आम्ही सगळे बिसलेरीने भांडी घासत होतो. शेरविन आला, ‘आत्या’ म्हणाला, नळ सोडून पाहिला आणि वर गेला. दुपारपर्यंत मोटर चालू. एवढ्यावर कोणीही खाली येऊन चहा मागितला असता. हा टाकीत उतरला, तळाचा गाळ काढला, टाकी घासली, आणि गाळ उतरवताना जिन्यावर जे डाग पडले ते चारही मजले पुसून मग दारात आला. मी विचारले, कोणी सांगितले होते टाकी घासायला? तर म्हणाला, ‘घाण होती.’ वहिनी, मी त्या दिवशी त्याच्याकडे जरा वेळ पाहत राहिले. मग मी चार ओळींच्या शेवटी, पूर्ण विचार करून, लिहिले: ‘एकंदरीत शेरविन हा सॅटिस्फॅक्टरी तरुण आहे.’ खाली सही केली, फोटो काढला आणि क्लिफर्डला पाठवला. रात्री मला शांत झोप लागली.

येथे तुम्हांला माझी पद्धत समजावून सांगितली पाहिजे, कारण तुम्ही माझ्या वर्गात कधी बसला नाहीत. मी येथे इतकी वर्षे इंग्रजी शिकवते. प्रगतिपुस्तकावर माझे चारच शेरे आहेत. पुअर म्हणजे नापास होणारा. फेअर म्हणजे चांगला विद्यार्थी, पहिल्या पाचांतला. सॅटिस्फॅक्टरी म्हणजे ज्याच्यात मला सुधारण्यासारखे काही सापडले नाही असा; तो अजून एकाही विद्यार्थ्याला गेलेला नाही. चौथा ‘गुड’, तो मी देवासाठी ठेवला आहे. सहा दिवस खपून जग केल्यावर ‘चांगले आहे’ म्हणत त्याने तो स्वतःचा स्वतःला देऊन घेतला होता, तपासणारे दुसरे कोणी नव्हते म्हणून. (मी असते तर डासांचे मार्क कापले असते.) ‘एक्सलंट’ हा शब्द मी साबणाच्या वेष्टनावर वाचते. अलीकडे शाळेने शेऱ्यांची यादी कॉम्प्युटरवर चढवली आहे, त्यातूनच निवडायचे असा नियम. सुपरवायझर खुदेजा मॅडम, स्वभावाने फार सोज्वळ, मला हात जोडून म्हणाल्या, ‘डेझी मॅडम, प्लीज, पेरेंट्स रोते हैं.’ त्या यादीत ‘खोडकर’ हा शब्दच नाही. ज्या कार्ट्याने शेजारच्याच्या मांडीत कंपासचे टोक खुपसले त्याला लिहायचे ‘एनर्जेटिक’. ज्या मुलीचे तोंड घंटा होऊनही मिटत नाही ती ‘एक्स्प्रेसिव्ह’. जो गृहपाठच करत नाही तो ‘रिलॅक्स्ड’! मी यादीतून निवडते आणि मग पानाच्या कोपऱ्यात पेनाने माझा शेरा लिहिते. जुनी मुले कॉम्प्युटरचे सोडून तेवढा कोपराच वाचतात.

दुसऱ्याच दिवशी सकाळी क्लिफर्डचा फोन. आवाज खाली, सांत्वनाला आल्यासारखा. ‘बाई, मुलात काय प्रॉब्लेम आहे? मोकळेपणाने सांगा. दारू?’ मी म्हटले, ‘कसली दारू?’ म्हणाला, ‘मग दुसरं काही? आधी कुठे जमलं होतं?’ मी विचारले, हे तुम्ही कशावरून बोलता? तर म्हणतो, ‘तुम्हीच लिहिलंय ना, सॅटिस्फॅक्टरी!’ मग कळले की त्यांच्या हॉटेलात पाहुण्याला जाताना एक कार्ड देतात. त्यावर पाहुण्याने ‘एक्सलंट’वर खूण केली तर सगळे ठीक. ‘व्हेरी गुड’वर केली तर मॅनेजर कारण विचारतो. आणि सॅटिस्फॅक्टरीवर केली तर क्लिफर्ड स्वतः फळांची टोपली घेऊन त्या पाहुण्याच्या खोलीवर माफी मागायला जातो आणि खाली येऊन तीन माणसांना रडवतो. ‘आमच्याकडे सॅटिस्फॅक्टरी म्हणजे बाथरूममध्ये झुरळ निघालं,’ तो म्हणाला. मी त्याला माझी पद्धत सांगितली. त्याने ऐकून घेतली, म्हणजे तक्रारी ऐकून घ्यायची त्याला सवय आहे तशी, ‘आय कम्प्लीटली अंडरस्टँड’ असे मधूनमधून म्हणत. शेवटी म्हणाला, ‘मग बदलून द्या. एक्सलंट, आउटस्टँडिंग, एक्सेप्शनल, तिन्हीतला तुम्हांला पसंत तो.’ मी म्हटले, ते तिन्ही एकाच माळेचे फुगे आहेत आणि शेरा मी कोणाच्या सांगण्यावरून बदललेला नाही. आमच्या प्रिन्सिपॉलच्या मुलीचा बदलला नाही. तो म्हणाला, ‘बाई, तुमचा सख्खा भाचा आहे हो.’ मी म्हटले, ‘म्हणूनच.’

त्यानंतरचे तुम्हांला ठाऊक आहे. क्लिफर्डने तुमच्या बहिणीला कळवले की रेफरन्स समाधानकारक आला नाही. (समाधानकारक आला हीच तर त्याची तक्रार होती. पण ते जाऊ दे.) दादाचा मला फोन आला, तो नुसता खोकला. तुमचा मेसेज आला. शेरविनला मी स्वतः सांगितले की तुझे लग्न माझ्या शब्दामुळे अडले आहे. त्याने उत्तर पाठवले, ‘ओके आत्या’. पुढे दोन दिवसांनी आणखी एक मेसेज, ‘फोटो डिलीट करू का?’ म्हणजे मेरिलचा. वहिनी, ग्रुपवर तुम्ही मला जे जे म्हणालात ते मी पचवले असते. तो मेसेज मला पचला नाही. माधवी खाली येऊन म्हणाली, ‘टीचर, लिहून टाका ना एक्सलंट. सगळेच लिहितात, कोणी खरं मानत नाही, म्हणून खोटं पण होत नाही.’ तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. मी कागद घेऊन बसले. ‘ए’ लिहिला, ‘ई’ लिहायला हवा होता ते लक्षात आल्यावर उठून पाणी प्यायले. इंग्रजीची शिक्षिका मी, पण हाताला त्या शब्दाची सवयच नाही. मनात आले, तो टाकीत उतरला तेव्हा त्याने वरवर पाणी मारून ‘खलास’ म्हटले असते तर कोणाला कळले असते? कोणाला नाही. आणि मी त्याच मुलासाठी वरवर पाणी मारू? शेवटी मी माझ्या परीने जितकी वाकू शकते तितकी वाकले. दुसरे पत्र लिहिले, त्यात ‘सॅटिस्फॅक्टरी’च्या आधी ‘व्हेरी’ घातला. आयुष्यात पहिल्यांदा. क्लिफर्डला वाटले मी चेष्टा करते आहे. त्याने उत्तरादाखल फळांच्या टोपलीचे चित्र पाठवले.

आता काल काय झाले ते ऐका. खरीफमध्ये सगळे मस्कत उठून सलालाहला येते. धुक्यात भिजायला लोक हजार किलोमीटर गाडी हाकतात आणि आम्हांला बाजारात जायला रस्ता उरत नाही. क्लिफर्डनेही सहकुटुंब यायचे आधीच ठरवून ठेवले होते, स्थळाशी संबंध नव्हता. मला त्याची कल्पना नव्हती. शेरविनला मी जेवायला बोलावून घेतले होते. तो गुरुवारी रात्री मासा घेऊन आला आणि शुक्रवारी आमच्याबरोबर मिस्साला आला, सेफ्टी शूजमध्ये. मिस्सा संपल्यावर बाहेर बारीक पाऊस, त्यामुळे सगळी माणसे चहाच्या टेबलापाशी पत्र्याखाली दाटली. मंगळुरी, गोवेकर, मल्याळी, फिलिपिनो, आणि रांग नावाची गोष्ट नाही. एका टायवाल्या गृहस्थाने माझ्या खांद्यावरून हात घालून समोसा उचलला. मी त्याला माझ्या वर्गातल्या आवाजात म्हटले, ‘रांगेत उभे राहा.’ तो गृहस्थ दचकला, ते ठीक. पण त्याच्या मागची एक तरुण मुलगी, चांगली शिकलेली, अंगावर छान ड्रेस, हातात चहा, ती ताड्दिशी सरळ झाली, दोन पाय जोडले आणि खरोखर रांगेत जाऊन उभी राहिली. एकटीच. तिथे रांगही नव्हती! मग तिने हळूच मान वळवली आणि म्हणाली, ‘लोपीस टीचर?’

मी विचारले, ‘नाव?’ म्हणाली, ‘मेरिल, टीचर.’ मी म्हटले, ‘कोणती मेरिल? सहावीच्या त्या वर्गात तीन होत्या.’ ‘सेकंड बेंच, टीचर. यू गेव्ह मी फेअर.’ तेवढ्यात समोसावाला टायगृहस्थ माझ्याकडे आणि तिच्याकडे पाहत म्हणाला, ‘लोपीस? डेझी लोपीस? बाई, मी क्लिफर्ड!’ (त्या काळी तो येथल्याच एका हॉटेलात रात्रपाळीला होता. शाळेत कायम त्याची बायको यायची, त्यामुळे आम्ही एकमेकांना कधी पाहिलेले नव्हते; आणि विद्यार्थ्यांना शिक्षकांचे पहिले नाव असते हेच माहीत नसते.) मेरिल म्हणाली, ‘पपा, तो रेफरन्स यांनी दिला होता? दाखवा.’ क्लिफर्डने नाखुशीने मोबाइल काढला. तिने पहिले पत्र वाचले. मग दुसरे वाचले. मग तिने चहा टेबलावर ठेवला.

‘पपा, तुम्ही हे मला आधी का नाही दाखवलं?’ तिचे मराठी अडखळत येते, पण रागात चांगले चालते. ‘मी क्लासमध्ये फर्स्ट आलेली, तरी फेअर. मम्मी भांडायला गेली. टीचर मम्मीला बोलल्या, फेअर चांगला शब्द आहे मिसेस परेरा, मुलीला सांभाळून वापरायला सांगा. होल स्कूलमध्ये कोणाला नाही भेटलं सॅटिस्फॅक्टरी. आम्ही बोलायचो की ते असतंच नाही, टीचर उगाच सांगतात. आणि तुम्ही याला रिजेक्ट केलं?’ क्लिफर्ड म्हणाला, ‘अगं पण हॉटेलात...’ ती म्हणाली, ‘हॉटेल खलास!’ मग तिने विचारले, ‘कुठे आहे तो?’ तो माझ्यामागेच होता. एका हातात तीन छत्र्या, दुसऱ्या हातात अलेक्सचा समोसा. मेरिलने त्याला, वहिनी, संग्रहालयातली वस्तू पाहावी तसे एक चक्कर मारून पाहिले. बुटांपाशी जरा थांबली. मग म्हणाली, ‘काय केलं तुम्ही? म्हणजे, एवढं भेटायला?’

शेरविनने विचार केला. म्हणाला, ‘मोटर दुरुस्त केली.’ थोड्या वेळाने, ‘आणि टाकी.’ मेरिलला हसू आले. मग तो माझ्याकडे वळला आणि त्याने मी ऐकलेले त्याचे सर्वांत लांब वाक्य उच्चारले: ‘आत्या, मी इंजिनीअर झालो तेव्हा तू ‘ठीक’ म्हणाली होतीस.’ आणि चष्मा काढून पुसू लागला. पाऊस बारीक होता, चष्म्यावर येतोच. तसा तो पत्र्याखाली येत नव्हता, पण मी त्या तपशिलात गेले नाही.

त्यानंतर ती दोघे समोरच्या टपरीवर शहाळे प्यायला गेली आणि शहाळे संपून बराच वेळ झाला तरी आली नाहीत. मेरिल बोलत होती, तो ऐकत होता. परत आल्यावर ती म्हणाली की तो ‘वंडरफुल’ आहे. मी हरकत घेतली नाही. तिचे विशेषण, तिची जबाबदारी. क्लिफर्ड माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, ‘बाई, एकदा आमच्या हॉटेलात राहायला या ना. तुमचं फेअर मिळालं तरी मी फ्रेम करून लावीन.’ साखरपुडा डिसेंबरात वसईलाच करायचा असे त्यांचे म्हणणे आहे. ते आज तुमच्या बहिणीला फोन करणार होते, म्हणजे हे पत्र पोहोचेपर्यंत तुम्हांला सगळे कळलेले असेल आणि माझ्या चार पानांची गरज उरलेली नसेल. तरी वाचा. घटना कळणे वेगळे आणि दोष कोणाचा नव्हता हे कळणे वेगळे.

दादाला सांगा की खोकून बोलायचे असेल तर फोनचे पैसे घालवू नये. गुडघ्यांना गरम पाण्याची पिशवी लावा, आणि आता घरात फिजिओथेरपिस्ट येते आहे, तिच्यासमोर नुसते ‘गुडघे गेले’ म्हणू नका, ती कुठे गेले ते शोधून काढील. 

तुमची, ग्रुपवर अजून असलेली नणंद,
डेझी लोपीस

ता. क. तो व्हॉइस मेसेज आता काढून टाका. शेजारणीने तो पुढे पाठवला आहे. मला तो काल वसईतल्या होळी गावच्या एका बाईकडून परत आला.

ता. क. आणखी एक. क्लिफर्डची सवय जात नाही. मुलीची होणारी सासू कशी आहे यावर त्याने माझ्याकडे चार ओळी मागितल्या आहेत. तीन लिहून झाल्या, चौथीत विशेषणाची जागा रिकामी ठेवली आहे. माझ्यापुढे ‘काइंड’, ‘जेनरस’ आणि ‘हॉस्पिटेबल’ असे तीन शब्द आहेत. दिसायला सख्ख्या बहिणी, पण तशा नाहीत. माझ्या सर्दीची चौकशी कराल तर काइंड. मंगळवारचा माणूस परत येईल त्याच्याबरोबर सुके बोंबील पाठवाल तर जेनरस. मार्चमध्ये मी निवृत्त होते आणि आम्ही कायमचे परत येतो आहोत. आमच्या घराचे छप्पर पूर्ण उतरवून नवे घालावे लागेल असे कंत्राटदार म्हणतो, आणि तो ‘दोन महिन्यांत’ म्हणतो तेव्हा चार धरावेत. तुमची माडी तुम्ही शेरविनच्या लग्नासाठी नव्या फरश्या घालून तयार केली आहे; परंतु शेरविन दुक्मला, मेरिल मस्कतला, माडी तर रिकामीच. तेव्हा हॉस्पिटेबल म्हणजे काय हे मी वेगळे लिहीत नाही. अलेक्स घोरतो. मी नाही. उत्तर लवकर कळवा, क्लिफर्ड वाट पाहतो आहे.

ता. क. शेवटचा. वरच्या ता. क.चा याच्याशी संबंध जोडू नये. त्या जुन्या वाक्याचे उत्तर राहिले होते. आई विचारत होती तेव्हा मी बी.ए.ला होते आणि माझे शेरे तेव्हाही हेच होते, फक्त मराठीत. अलेक्स मला पाहून गेला तेव्हा मी आईला ‘चालेल’ म्हटले होते, आणि तो बिचारा आजपर्यंत ‘चालेल’वरच आहे. ‘बरी’पर्यंत आपल्या दोन्ही घराण्यांत एकच बाई पोहोचली. हे मात्र ग्रुपवर टाकू नका.